बोडी कोरडी पडते तेव्हा

महालात राहणाऱ्यांना तळं म्हटलं की शुक्रवारी तलाव आठवतो. आज आपण बोलणार आहोत ते भंडारा-गोंदियाकडच्या बोडीबद्दल. धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला, पावसाचं पाणी अडवायला केलेलं लहानसं तळं. पावसाळ्यात भरतं, उन्हाळ्यात बहुतेक कोरडं. तत्त्वज्ञानाच्या माणसानं यावर कशाला बोलावं, असं कोणी विचारेल. विचारू द्या.

मे महिन्यात तिथे भेगाळलेली माती असते. जूनमध्ये पाणी साचलं की आठवड्याभरात त्यात बारीक जीव हलू लागतात. यांना प्राणिप्लवक म्हणतात. कुठून आले? काही पक्ष्यांच्या पायांना चिकटून येत असतील, पण बरेचसे तिथेच होते, मातीत, अंड्यांच्या रूपानं. डॅफ्निया, म्हणजे पाण्यातली पिसू, हिचंच बघा. दिवस चांगले असतात तोवर मादी नराशिवायच पिल्लं घालते. पाणी आटू लागलं की नर जन्मतात, आणि मग जाड कवचाची अंडी तयार होतात. ती वर्षानुवर्षं टिकतात. गंमत अशी, की पहिल्या पावसाला सगळी उबत नाहीत. मृगाच्या सरी येऊन नंतर खंड पडला तर? म्हणून काही मागे राहतात. न्यायशास्त्रात वस्तू होण्यापूर्वीच्या तिच्या नसण्याला प्रागभाव म्हणतात. आम्हाला वाटतं, या मातीपुढे नैयायिकही जरा थबकले असते.

आता पूर. पाणी अंडी जागवतं, हे खरं. पण बोडी ओसंडून नाल्याला मिळाली की चढणीचे मासेही आत येतात. मासा डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून आधी मोठे, ठळक दिसणारे जीव संपतात. ब्रूक्स आणि डॉडसन यांनी 1965 मध्ये अमेरिकेतल्या तळ्यांत हेच दाखवलं: मासे आले, मोठे प्लवक गेले, बारके उरले. आणि शेवाळ गाळून खाणारे तर हे मोठेच! 1972 मध्ये हर्लबर्ट आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाच्या तळ्यांत गॅम्बुझिया सोडला, तर प्लवक घटून पाणी हिरवं झालं.

हा गॅम्बुझिया डासांच्या अळ्या खातो, म्हणून आपल्याकडेही आणला गेला. डासांचा त्रास खोटा नाही. पण अळ्या खाणारा मासा प्लवक सोडत नाही. शिवाय रोहू-कटल्याची नुकती फुटलेली पिल्लंही प्लवकावरच वाढतात. म्हणजे ढीवरांच्या पोटाशी याचा थेट संबंध आहे. बोडी खोल करून पाणी बारमाही टिकवू, असा उत्साहही असतो. शेतकऱ्याला पाणी हवंच, त्याला नाही कसं म्हणावं? मात्र तळं आटलं की मासेही संपतात आणि पुढच्या पावसात प्लवकाला काही दिवस मोकळे मिळतात, एवढं हिशेबात धरावं. सगळ्याच बोड्या खोल करू नयेत, असं आमचं मत.

मागच्या वेळी एकांनी विचारलं होतं, घरच्या सिमेंटच्या टाक्यात गप्पी सोडावेत का? सोडा खुशाल. बोडीत नको. आणि उन्हाळ्यात तिकडे गेलात तर तळाची मूठभर कोरडी माती आणा, काचेच्या बरणीत पावसाचं पाणी घालून ठेवा, आणि आठवडाभर रोज उजेडात धरून बघा.