पडद्यावरची शाळा

मुलांनो, तुमच्या पाठ्यपुस्तकात काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. मोबाइलने तो टिपला, की त्या पाठाच्या चित्रफिती आणि प्रश्न समोर येतात. हे साहित्य ‘दीक्षा’ या सरकारी व्यासपीठावर ठेवलेले असते. ‘दीक्षा’ची सुरुवात २०१७ मध्ये झाली. त्याच वर्षी ‘स्वयम्’ही सुरू झाले. त्यावर नववी ते बारावीचेही अभ्यासक्रम आहेत. तेथे शिकण्यासाठी फी द्यावी लागत नाही.

मग हा खर्च कोण करते? खर्च सरकार करते. पण सरकारजवळ पैसा येतो कोठून? साधा साबण विकत घेतला, तरी आपण कर देतो. म्हणजे हे शिक्षण फुकटचे नाही. ते आपल्या सर्वांच्या पैशाचे आहे.

पैसा थांबला, तर काय होते? पुण्याची ‘बालचित्रवाणी’ ही संस्था १९८४ मध्ये सुरू झाली. तिचे शालेय कार्यक्रम दूरदर्शनवर दिसत. पुढे तिचे अनुदान थांबले आणि २०१७ मध्ये ती बंद झाली. चांगल्या कामालाही नियमित पैसा लागतो, हे यावरून कळते.

पैशाबरोबर देखरेखही हवी. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद होत्या. तेव्हा केंद्र सरकारने ‘प्रज्ञाता’ नावाच्या सूचना दिल्या. नववी ते बारावीसाठी दिवसाला चारपेक्षा जास्त ऑनलाइन तासिका नकोत, आणि एक तासिका तीस ते पंचेचाळीस मिनिटांचीच असावी, असे त्यांत सांगितले होते. पण मोमिनपुऱ्यातील एखाद्या घरी मोबाइल एक आणि शिकणारी मुले तीन असतील, तर? अशा वेळी चांगला पाठ तयार असूनही मुलांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून पैसा किती खर्च झाला एवढेच पाहून भागत नाही. किती मुले शिकली, हेही पाहावे लागते.

हे पाहणाऱ्या व्यवस्था आपल्या नागपुरातही आहेत. सरकारी हिशेब तपासणारे महालेखाकारांचे कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सहसा येथेच भरते. त्यात आमदार मंत्र्यांना प्रश्न विचारतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सामान्य नागरिकालाही हिशेब मागता येतो.

तुम्हीही एक काम करा. एखादा क्यूआर कोड उघडला नाही किंवा पाठात चूक दिसली, तर गप्प बसू नका. आपल्या शिक्षकांना लगेच सांगा. देखरेखीची सुरुवात तेथूनच होते.