कोंड्यांतील बद्ध धन

धान्याचा कोंडा गव्हाणींत टाकण्यापूर्वीं त्याबरोबर काय जातें, याचा विचार प्रत्येक शेतकरी बंधूनें करणें अगत्याचें आहे.

दाण्याच्या कवचांत फिनॉल वर्गांतील कांहीं द्रव्यें असतात. प्राणवायूच्या संयोगानें पदार्थांचा जो ऱ्हास होतो, त्यास तीं आवर घालतात. गव्हांत व मक्यांत त्यांपैकीं मुख्य द्रव्य फेरुलिक आम्ल होय. हीं द्रव्यें बहुतांशीं मुक्त नसून पेशींच्या भिंतींतील तंतूंस घट्ट जखडलेलीं असतात. पूर्वीं रसायनशास्त्रज्ञ पुष्कळदां मुक्त द्रव्यांचीच मोजणी करीत. त्यामुळें धान्याची योग्यता कमी ठरे. परंतु गांवच्या दप्तरांत नोंद राहिली म्हणून शेत नाहींसें होत नाहीं.

सन २००२ मध्यें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनीं बद्ध द्रव्यें अल्कलीच्या योगें सोडवून मोजलीं. तेव्हां एकंदर फिनॉलांपैकीं बद्ध भाग मक्यांत शेंकडा ८५, गव्हांत ७६ व तांदुळांत ६२ असा भरला. जठरांत हीं बंधनें फारशीं तुटत नाहींत. मोठ्या आंतड्यांतील सूक्ष्म जंतु तीं तोडतात व द्रव्यें तेथें मोकळीं होतात.

यास्तव तांदूळ फार सडूं नये व पीठ बारीक चाळणीनें चाळून कोंडा दवडूं नये. कोंड्यांतील तेलामुळें असें पीठ लवकर खवट होतें. म्हणून आठ दिवसांपुरतेंच दळावें. दुभत्या जनावरांस कोंडा अवश्य घालावा, परंतु घरच्या मुलांच्या वाट्याचा तेवढा आधीं राखून ठेवावा.