भंगारातली पद्मिनी कशी ओळखावी?

स्टिअरिंगच्या खांबालाच गिअरचा दांडा, बॉनेटखाली १०८९ सीसीचं इंजिन आणि पत्र्यावर काळ्या-पिवळ्या रंगाचे पापुद्रे दिसले, की समजावं, ही मुंबईची टॅक्सी. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात ती जन्मली. तिच्या कितीतरी बहिणी कुर्ल्याच्याच भंगारबाजारात मोडल्या गेल्या, हे फार चटका लावतं. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती. ऑक्टोबर २०२३मध्ये उरलेल्याही रस्त्यावरून गेल्या.

मागचा बिल्ला जरूर पाहावा. आधी ‘फियाट ११०० डिलाइट’, मग ‘प्रेसिडेंट’, १९७४पासून ‘पद्मिनी’. नावं बदलली, अंगकाठी तीच राहिली. त्याहून जुनी, गुबगुबीत ‘डुक्कर फियाट’ सापडलीच, तर तिचं साधं हँडलसुद्धा वितळू देऊ नये.