हैदराबादेत मन लागत नाही, म्हणे!

नामपल्ली स्टेशनावर उतरताना आपल्याकडच्या मुलामुलींच्या खांद्यावर एक बॅग असते आणि हातात डब्यांची पिशवी. शेंगदाण्याची चटणी, धपाटे, कडक भाकरी. डबे आठवडाभरात संपतात, आणि साधारण महिन्याने घरी फोन येतो, "आई, इथं मन लागत नाही गं. कोणी कुणाशी बोलतच नाही."

अशा फोनवर आपण काय म्हणतो? एक तर हसण्यावारी नेतो, "लाडावलास तू!" नाहीतर दटावतो, "एवढी चांगली नोकरी, आणि रडतोस कशाला?" वाचकहो, दोन्ही उत्तरं बरोबर नाहीत. ज्या मुलाला गावात दिवसातून चारदा कुणीतरी "जेवलास का रे?" नाहीतर "ऊटा आयता?" असं विचारत होतं, त्याला शहरात महिनाभर एकदाही कोणी तसं विचारलं नाही, तर त्याला उपरं वाटणारच. समोरच्या फ्लॅटचं दार कायम बंद, घरमालकाचा पहिला प्रश्न घरात काय शिजवणार याचा, आणि रिक्षावाला पत्ता पुरता ऐकायच्या आत पुढं निघून जातो. हे दुःख खोटं नाही.

पण शहर खरंच इतकं माणूसघाणं आहे का, हेही तपासून पाहायला हवं.

ही आपलीच राजधानी होती

बीदर, भालकी, उदगीर, निलंगा, गुलबर्गा या भागांतल्या माणसांना 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद परकं नव्हतं. त्या दिवशी राज्यपुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बीदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूर राज्यात आणि तेलंगणा आंध्र प्रदेशात. त्याआधी कोर्टकचेरी, कॉलेज, मोठं हॉस्पिटल, सगळ्यासाठी आपले आजे-पणजे हैदराबादच गाठायचे. नामपल्लीचं स्टेशनही त्या काळातलं, निजामाच्या राजवटीत 1907 साली बांधलेलं.

त्या पिढीसाठी शहर काही मऊ नव्हतं. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि उस्मानिया विद्यापीठातलं शिक्षणही सुरुवातीपासून उर्दूत. तरीही ती माणसं तिथं रुजली, कारण त्यांनी भेटण्याच्या जागा तयार केल्या. केशवराव कोरटकर, वामन नाईक या मंडळींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी शाळा काढली. मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं, साहित्य परिषद उभी राहिली. 1931 साली श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलनही हैदराबादेत भरलं. काचीगुड्याकडे कन्नड मंडळींनी आपली नृपतुंग शाळा उभी केली.

नवी वस्ती, नवी माणसं

मग आजच्या मुलांना हे का सापडत नाही? खरं कारण नकाशात आहे. आपल्या माणसांच्या जुन्या जागा कोटी, सुलतान बाजार, काचीगुडा या भागात, म्हणजे नामपल्लीपासून जवळ आहेत. नोकऱ्या मात्र 1998 साली सायबर टॉवर्स उभं राहिल्यापासून पश्चिमेला हायटेक सिटी, गच्चीबावलीकडे सरकल्या. मुलं पीजीत राहतात ती तिकडेच. तिथं शेजारीही नवा आणि दुकानदारही नवा. सगळेच पाहुणे असले तर "या, बसा" म्हणायचं कुणी?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्राम यांनी 1970 साली हेच वेगळ्या शब्दांत मांडलं होतं. शहरातल्या माणसाला रोज इतके चेहरे आणि इतके आवाज झेलावे लागतात, की तो प्रत्येकाला थोडाच वेळ देतो. तो दुष्ट नसतो, दमलेला असतो. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या 2018 सालच्या अभ्यासाचा निष्कर्षही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास एकत्र घालवावे लागतात, जिवलग मैत्रीला 200 तासांच्या वर. गावात हे तास शाळेत आणि पारावर आपसूक भरतात. शहरात ते ठरवून भरावे लागतात.

आपल्या हातातल्या दोन किल्ल्या

आणि इथंच सीमाभागातली माणसं नशीबवान आहेत. कन्नड वाचणाऱ्याला तेलुगू पाट्या थोड्या सरावानं लागायला लागतात, इतक्या या दोन लिप्या जवळच्या आहेत. ही पहिली किल्ली. दुसरी आपल्या मराठीची. हैदराबादी माणूस नकार देताना "नक्को" म्हणतो, तो आपलाच "नको". "वइच", "ऐसाइच" यातला जोर देणारा "च"सुद्धा मराठीतूनच दखनीत गेला. "हौ" ऐकलं की एकाला "हो" आठवतं, दुसऱ्याला "हौदु". ज्या शहराच्या बोलीत आपले शब्द आधीच राहायला गेलेत, तिथं आपण अगदीच उपरे कसे?

तेव्हा मुलाचा फोन आला की त्याला दोन-तीन गोष्टी सांगा. रोज एकाच टपरीवर चहा पी, एकाच दुकानातून भाजी घे. पंधरा दिवसांत दुकानदारच नावानं हाक मारू लागेल. इमारतीच्या रखवालदाराला तेलुगूत "तिन्नारा?" म्हणजे "जेवलात का?" असं तूच आधी विचार. महिन्यातून एका रविवारी मेट्रोनं जुन्या भागात जा. हायटेक सिटीहून अमीरपेटला गाडी बदलली की नामपल्ली येतं, आणि त्यापुढचं दुसरं स्टेशन उस्मानिया मेडिकल कॉलेज, म्हणजे कोटी. जानेवारीत नामपल्लीच्या मैदानावर नुमाइश भरते. हे प्रदर्शन 1938 साली सुरू झालं, आणि आजही अख्खं शहर तिथं पायी हिंडायला येतं. तिथं एकट्यानं जाऊ नको, ऑफिसातल्या दोघांना घेऊन जा.

नवी सून तिकडं एकटी असेल तर तिची जास्त काळजी घ्या. नवऱ्याला निदान ऑफिस असतं, तिला चार भिंती. तिला रोज "स्वयंपाक काय केलास?" एवढंच विचारू नका. "आज कुणाशी बोललीस?" हेही विचारा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. झोप उडाली, जेवण तुटलं, बोलणंच बंद झालं, तर ते नुसतं "मन न लागणं" नव्हे. सरकारची टेलिमानस ही सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला देते. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत बोलता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 सालच्या अहवालानुसार जगात दर सहांपैकी एका माणसाला एकाकीपणा जाणवतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि इतकं करूनही वर्ष-दोन वर्षांत पोरगं म्हणालं, "नाही जमत, परत येतो," तर त्याला हरला म्हणू नका. गावाकडं येणारी गाडीही त्याच स्टेशनातून सुटते. पण परत यायच्या आधी त्या शहराला पन्नास तास तरी दिले होते का, एवढं मात्र त्याला जरूर विचारा.