पत मोजणारे यंत्र

मृग जवळ आला की वाशीम जिल्ह्यात पैशाची ओढ सुरू होते. सोयाबीनचे बी हवे, तुरीचे बी हवे, खत हवे. गाव रिसोडकडचे असो की कारंजाकडचे, मालेगावचे असो की मानोऱ्याचे. शेतकरी बँकेची वाट धरतो. कागद देतो. पुष्कळांना कर्ज मिळते. पण एखाद्याला उत्तर मिळते, "तुमचं सिबिल खराब आहे. कर्ज बसत नाही."

शेतकरी विचारतो, "साहेब, काहून बसत नाही? वावर तर माह्या नावानं आहे."

साहेब म्हणतात, "कॉम्प्युटर घेत नाही. आम्ही काय करणार?"

शेतकरी मुकाट्याने घरी येतो. पण पेरणी थांबत नाही. मग सावकाराची पायरी चढावी लागते. म्हणून हा कॉम्प्युटर काय बघतो, कसा हिशेब करतो, हे आपल्याला कळले पाहिजे. ते आम्ही या पाठात सांगणार आहोत.

दानत आणि ऐपत

कर्ज देणारा कोणीही असो, तो दोन गोष्टी बघतो. पहिली गोष्ट दानत. हा माणूस घेतलेला पैसा परत करतो का? दुसरी गोष्ट ऐपत. याच्या मनात असले, तरी याला परत करणे झेपेल का?

पूर्वी गावचा सावकार हे डोळ्यांनी बघत असे. कोणाची किती जमीन, कोणाच्या घरात किती खाणारी तोंडे, हे त्याला ठाऊक असे. आता बँकेकडे हजारो अर्ज येतात. प्रत्येकाला ओळखणार कोण? म्हणून बँकेने नियम लिहिले आणि ते यंत्रात घातले. यंत्र अर्ज वाचते, नियम लावते आणि 'हो', 'नाही' किंवा 'साहेबांनी तपासावे' असे सांगते.

ही रीत अगदी नवी नाही. अमेरिकेत १९५६ साली एक इंजिनिअर आणि एक गणिती यांनी मिळून यासाठी कंपनी काढली. मागच्या कर्जदारांपैकी कोणी फेडले, कोणी बुडवले, हे त्यांनी मांडून पाहिले. त्यावरून नव्या माणसाला गुण द्यायचे. आपल्याकडेही पुढे तीच तऱ्हा आली.

दानत कशी मोजतात?

सिबिल हे खरे तर एका कंपनीचे नाव आहे. ती २००० साली निघाली. आज अशा चार कंपन्या आपल्या देशात आहेत. त्यांच्यासाठी २००५ साली कायदा झाला. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते.

आपण कोणत्या बँकेतून किती कर्ज घेतले, हप्ता वेळेवर भरला का, किती दिवस थकला, हे बँका या कंपन्यांना कळवतात. निदान पंधरा दिवसांतून एकदा कळवावे, असा नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्या नोंदींवरून यंत्र गुण देते. सिबिलचे गुण कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त ९०० असतात. साधारण ७५० च्या वर गुण असले, तर पत चांगली समजतात.

गुण कशाने वाढतात? हप्ता वेळेवर भरल्याने.

गुण कशाने घटतात? हप्ता थकल्याने. थोड्या दिवसांत पाच-सहा ठिकाणी कर्ज मागितल्यानेही घटतात. "याला पैशाची फार नड दिसते," असा अर्थ यंत्र काढते. तडजोड करून थोडी रक्कम भरली आणि बाकीची बँकेने सोडली, तर तशी नोंद राहते. तीही पुढे आडवी येते.

आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपण दुसऱ्याला जामीन राहिलो, तर ते कर्जही आपल्या नोंदीत दिसते. त्याने थकवले, तर आपल्या पतीला धक्का बसतो. म्हणून सही किंवा अंगठा देण्याआधी दहादा विचार करावा.

ऐपत कशी मोजतात?

ऐपतीचा हिशेब सोपा आहे. बचत गटातल्या बाया लहान वित्त कंपनीकडून कर्ज घेतात, तेच उदाहरण घेऊ. ज्या घराचे वर्षाचे उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत आहे, त्या घराला तारणाशिवाय दिलेल्या अशा कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केला. घरातल्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून, महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. घर म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुले.

समजा, एका घराचे महिन्याचे उत्पन्न १५,००० रुपये आहे. त्याचे निम्मे ७,५०० रुपये. आधीच्या कर्जांचे हप्ते ५,२०० रुपये जातात. आता नव्या कर्जाचा हप्ता ३,००० रुपये पडणार आहे. बेरीज झाली ८,२०० रुपये. ही ७,५०० च्या वर गेली. यंत्र म्हणेल, 'नाही'.

नवा हप्ता २,००० रुपये असता, तर बेरीज ७,२०० झाली असती. यंत्र म्हणाले असते, 'हो'.

इथे यंत्राचा राग येतो. पण विचार करा. निम्मे उत्पन्न हप्त्यात गेले, तर उरलेल्या निम्म्यात घरची भाकर, पोरांची शाळा आणि दवाखाना भागवायचा असतो. हा नियम आपल्याला कर्जाच्या फासातून वाचवण्यासाठीही आहे. म्हणून जुने कर्ज कधी लपवू नये. जास्त कर्ज मिळाले, तरी ते फेडायचे आपल्यालाच आहे.

पीक कर्जाचा हिशेब वेगळा

शेतकऱ्याला दरमहा पगार नसतो. म्हणून पीक कर्जाचा हिशेब जमिनीवर आणि पिकावर होतो. कोणत्या पिकाला किती कर्ज द्यावे, याचा दर जिल्ह्याची समिती ठरवते. समजा, सोयाबीनचा दर एकरी २५,००० रुपये धरला आणि शेत ३ एकर आहे. मूळ रक्कम झाली ७५,००० रुपये. किसान क्रेडिट कार्डाच्या रीतीप्रमाणे त्यात घरखर्चासाठी १० टक्के, म्हणजे ७,५०० रुपये धरतात. अवजारे आणि शेताच्या देखभालीसाठी २० टक्के, म्हणजे १५,००० रुपये धरतात. सगळे मिळून ९७,५०० रुपये झाले.

आता यंत्र जमीन कुठून बघते? सातबारावरून. वडील वारले, पण वारसनोंद केली नाही, तर आपण रोज ते वावर कसत असलो तरी यंत्राला मालक म्हणून वडीलच दिसतात. पिकाचेही तसेच. आपल्या राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. मोबाईलवरून पिकाची नोंद आपण स्वतः करायची असते. नोंद राहिली, तर शेतात पीक डोलत असूनही कागदावर रान पडीक दिसते.

यंत्राला काय कळत नाही?

यंत्र तोंड बघून कर्ज देत नाही. पुढाऱ्याची चिठ्ठी त्याला वाचता येत नाही. हा त्याचा गुण झाला.

पण पाऊस का लांबला, घरात कोण आजारी पडले, हेही त्याला कळत नाही. त्याला फक्त लिहिलेले दिसते. म्हणून अडचण आली, तर हप्त्याची तारीख जाण्याआधी बँकेत जावे आणि लेखी अर्ज द्यावा. सरकारने आपत्ती जाहीर केली, तर कर्जाचे पुनर्गठन करून मुदत वाढवता येते. गप्प बसले, तर यंत्र एकच शब्द लिहिते, 'थकीत'.

आणि हेही ध्यानात ठेवा. यंत्र नियम पाळते, पण ते नियम माणसांनीच केलेले आहेत. माणसांना प्रश्न विचारता येतो. पीक कर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असे राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये बँकांना बजावले. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज, केवळ मागची नोंद नाही म्हणून फेटाळू नये, असे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत सांगितले. मात्र जुनी थकबाकी असेल, तर गोष्ट वेगळी. ती आधी मिटवावी लागते.

आपण काय करावे?

१. अर्ज नाकारला, तर कारण लेखी मागा. "कॉम्प्युटर घेत नाही" हे काही कारण झाले नाही.

२. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा आपला पत-अहवाल फुकट दिला पाहिजे, असा नियम आहे. तो मागवा. वाचता येत असेल तिथवर स्वतः वाचा, पुढे शिकलेल्या पोराची मदत घ्या.

३. फेडलेले कर्ज बाकी दिसले, किंवा दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसले, तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

४. कर्ज फेडल्यावर 'बाकी नाही' असा दाखला घ्या आणि जपून ठेवा.

५. "पैसे द्या, सिबिल वाढवून देतो," असे म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. मोबाईलवर आलेला ओटीपी कोणाला सांगू नका.

६. बँकेने ३० दिवसांत तक्रार ऐकली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या नंबरवर विचारा.

पूर्वी सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, हे आपल्या आजोबांना वाचता येत नव्हते. त्या वहीपायी कित्येकांच्या जमिनी गेल्या. आज वही यंत्रात गेली आहे. पण ती बघण्याचा हक्क आपल्याला आहे आणि वाचायलाही आपण शिकलो आहोत. तेव्हा पेरणीची वाट न बघता, उन्हाळ्यातच आपली नोंद एकदा वाचून घ्या.