वेबसाइट हवी, मग कोडिंग शिकायलाच हवं का?

पनवेल–रोहा मार्गावरचं आपटा स्टेशन ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’च्या शेवटच्या प्रसंगामुळे देशभर माहीत झालं. ते पाहायला येणाऱ्यांसाठी गावात कुणी घरगुती खानावळ काढली आणि तिची वेबसाइट करायचं ठरवलं, तर ‘आधी कोडिंगचा क्लास लाव’ असं सांगणारे हमखास भेटतात. हा सल्ला चुकीचा आहे. जेवणाचे दर, फोटो, नकाशा आणि फोन नंबर एवढंच द्यायचं असेल, तर गूगल साइट्स किंवा वर्डप्रेस पुरतं. तयार साधन म्हणजे कच्चं काम, हेही खरं नाही. जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट वर्डप्रेसवरच चालतात.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे: फुकट मिळालेली जागा कायमची आपली. याहूने जिओसिटीज ही मोफत वेबपानांची सेवा २००९ साली बंद केली आणि लोकांनी हौसेने केलेली असंख्य पानं गेली. छोट्या व्यावसायिकांना बिझनेस प्रोफाइलमधून मिळणाऱ्या मोफत वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. म्हणून डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर ते कधीही नको. त्याचं दरवर्षी नूतनीकरण करा आणि मजकूर-फोटोंची प्रत घरी ठेवा. डोमेन हातात असलं की साधन बदललं तरी पत्ता तोच राहतो.

एचटीएमएललाही लोक विनाकारण घाबरतात. ती प्रोग्रॅमिंगची भाषाच नाही. शीर्षक कोणतं, परिच्छेद कोणता, दुवा कुठला, एवढंच ती ब्राउझरला सांगते. नोटपॅड आणि ब्राउझर असला की शिकायला सुरुवात होते, इंटरनेटही लागत नाही.

आणि वेबसाइट इंग्रजीतच हवी, असं मुळीच नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, कारण जुन्या डीटीपी फाँटमधली अक्षरं गूगलला मराठी म्हणून वाचता येत नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्ता’ हा देखणा देवनागरी फाँट मोफत मिळतो.

आरक्षण किंवा हिशेब आपल्या पद्धतीने चालवायचा असेल, तेव्हा प्रोग्रॅमिंगची गरज पडू शकते. तोवर खानावळ चालवणाऱ्याने तयार साधनावर आजच पान चढवावं. ज्या मुलामुलींना वेबसाइट बनवण्याच्या कामावर पोट भरायचं आहे, त्यांनी मात्र आधी एचटीएमएल, मग सीएसएस आणि त्यानंतर जावास्क्रिप्ट स्वतःच्या हाताने लिहूनच शिकावं.