हातात उतरलेले शहाणपण

मराठी बायबलमध्ये एका पुस्तकाचे नाव ‘नीतिसूत्रे’ आहे. मूळ हिब्रू नाव ‘मिशले’. त्यात दाखला, तुलना, म्हण अशा छटा आहेत. ‘नीती’ हा शब्द नाही. विदुरनीती आणि भर्तृहरीचे नीतिशतक जाणणाऱ्याला हे मराठी नाव आपलेच वाटते. तरी त्यात थोडे हरवले, असे मला वाटते. त्या पुस्तकाचा गाभा आहे ‘होखमा’, म्हणजे शहाणपण. आणि हिब्रूत हाच शब्द कारागिराच्या कसबालाही लागतो. बायबलातल्याच ‘निर्गम’ या पुस्तकात बसालेल या कारागिराला देवाच्या आत्म्याने हे शहाणपण मिळते, ते सोने-रुपे घडवायला, खडे बसवायला, लाकूड कोरायला.

नुसत्या पाठ वचनांचे काय होते, हे बायबलातल्या ‘ईयोब’ या पुस्तकात दिसते. पोरेबाळे गमावून राखेत बसलेल्या माणसापुढे त्याचे मित्र न्यायनीतीची भाषणे करतात. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. ख्रिस्ती नीतिविचारातला हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

शहाणपण हातात उतरले की वचनांतच राहिले, ही कसोटी महाराष्ट्र-गोव्यातल्या ख्रिस्ती लेखकांना लावून पाहावी. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त ज्ञान ओवीच्या चालीत बसले. नीलकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि षड्दर्शनांचे खंडन करत राहिले. त्यांची विद्वत्ता अफाट, पण ती वादाच्या अंगाने गेली. १८४२ मध्ये निघालेल्या मिशनरी नियतकालिकाने नावच ‘ज्ञानोदय’ घेतले. रेव्हरंड टिळकांनी भक्तीचा सूर तुकोबांकडून घेतला. आपल्या काळात फादर दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ लिहिले आणि वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावरही उतरले. पुस्तक आणि रस्ता यांत त्यांनी फारकत केली नाही.

या सगळ्यांत मी थांबतो ते पंडिता रमाबाईंपाशी. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना १८७८ मध्ये कलकत्त्यात मिळाल्या, त्या संस्कृत विद्येच्या जोरावर. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्मगुरू सांगतात म्हणून मानायचे, हे काही त्यांना पटले नाही. वाँटेजच्या मठातल्या जोगिणींशी त्यांचा त्रैक्यावर, आज्ञापालनावर पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. सदसद्विवेकबुद्धी देवाने मला दिली आहे, ती दुसऱ्याच्या हवाली करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. श्रद्धा स्वीकारूनही बुद्धी गहाण न टाकणारी ही बाई ख्रिस्ती नीतिविचाराच्या इतिहासात मोठ्या जागेची हक्कदार आहे. ती जागा तिला अजून मिळालेली नाही.

पुढे दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा यांना घेऊन त्यांनी केडगावला ‘मुक्ती’ वसवली. तिथे शेती होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. ज्या स्त्रियांच्या हाती कुणी पाटीही दिली नव्हती, त्या खिळे जुळवू लागल्या. आणि संस्कृतात पारंगत असलेल्या रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या, ते बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी. आधीच्या भाषांतरांची जड भाषा आपल्या बायकांना कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. आयुष्यभर कमावलेली विद्वत्ता त्यांनी शब्द सोपा करण्यासाठी खर्च केली.

भाषांतराचे काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातांनी छापले गेले.